वसंत आला, गॅलरी सजवा... पण उन्हाला विचारून!

‘आपल्या हाताला ना, झाडंच लागत नाहीत यार!’

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये झाडांचा विषय निघाला, की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. मग बाकीचे माना डोलावतात. कारण स्टोरी सगळ्यांची सेम टू सेम असते. फेब्रुवारीच्या एखाद्या रविवारी रस्त्याकडेच्या नर्सरीसमोर बाइक थांबते. जांभळा पिटुनिया, पिवळी-काळी पॅन्झी, तांबडा-गुलाबी डायन्थस. बघूनच मूड फ्रेश! चार रोपं, चार रंगीत कुंड्या, गॅलरीत मांडामांड, फोटो, फोटोवर मैत्रिणींच्या कमेंट्स. होळीपर्यंत सगळं छान. एप्रिलमध्ये पानं पिवळी, मे महिन्यात काड्या आणि जूनमध्ये चार रिकाम्या कुंड्या. त्यातल्या एकीत कपड्यांचे चिमटे.

आणि निष्कर्ष काय? तर म्हणे हाताला गुण नाही!

मंडळी, हाताला काही झालेलं नाहीये. घोळ आहे तो कॅलेंडरचा. पिटुनिया, पॅन्झी, डायन्थस ही आपल्याकडची थंडीची फुलं. फेब्रुवारीत तुम्ही ती विकत घेता, तेव्हा त्यांचा सीझन संपत आलेला असतो. पिक्चर इंटरव्हलनंतर बघायला जायचं आणि लवकर संपला म्हणून कुरकुरायचं, तसला प्रकार! ‘स्प्रिंग डेकोर’चे जे चकाचक फोटो बघून आपण शॉपिंगला निघतो, ते असतात बर्फ वितळणाऱ्या देशांतले. तिकडचा स्प्रिंग म्हणजे कोवळं, हवंहवंसं ऊन. आपला वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. पुण्यात एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळीसला टेकतो आणि मुंबईत सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटतो. थोडक्यात काय, तर आपला वसंत फुलांचा आहेच, पण तो उन्हाचाही आहे.

म्हणून यंदाचा फंडा एकदम सिंपल : सजावट अशी करायची, की जी झाडालाही उपयोगी पडेल. कुंडी दिसेल झक्कास आणि तीच कुंडी झाडाला जूनच्या पहिल्या सरीपर्यंत पोचवेल. दुसरी अट, भाड्याच्या घरात चालेल असंच सगळं. भिंतीला ड्रिल नाही, घरमालकाची कटकट नाही आणि अकरा महिन्यांचा करार संपला, की सगळी बाग टेम्पोत चढली पाहिजे!

आधी सांगा, तुमची शिफ्ट कोणती?

रंग-ब्रश काढण्याआधी फुलं ठरवू या. नर्सरीत गेल्यावर आपण रंग बघतो, किंमत बघतो. पण ‘हे फूल उमलतं किती वाजता?’ हे विचारत नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी तोच तर लाखमोलाचा प्रश्न आहे.

चिनी गुलाब माहीत असेल. बटणासारखी झगझगीत फुलं येतात, कुणी त्याला टेन ओ’क्लॉक म्हणतं. ऊन चढलं की उमलायचं आणि दुपार कलली की मिटायचं, हा त्याचा दिनक्रम. झाड एकदम काटक, पाणी कमी लागतं, ऊन जितकं कडक तितकं खूश. पण तुम्ही साडेआठला घर सोडून रात्री आठला परतणार असाल, तर त्याची फुलं तुम्हाला दिसणार फक्त शनिवार-रविवारी. बाकीचे पाच दिवस ती समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंसाठी! वर्क फ्रॉम होम किंवा नाइट शिफ्ट असेल, तर मात्र हाच तुमचा हीरो. जास्वंदही तुमच्याच टाइम-टेबलची.

डे-शिफ्टवाल्यांनो, तुमच्यासाठी मोगरा! मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलायला लागते आणि रात्री घमघमते. म्हणजे तुम्ही लोकल किंवा ट्रॅफिकमधून सुटून, बॅग टाकून गॅलरीत येता, बरोबर त्या वेळी. शिवाय त्याचा मुख्य बहर उन्हाळ्यातलाच. पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा द्या आणि बहर ओसरला की शेंडे छाटा. नव्या फुटव्यांवर पुन्हा कळ्या धरतात. गुलबक्षी हा दुसरा ऑप्शन. चार-पाचच्या सुमाराला उमलते, काळ्या मिऱ्यासारख्या बीपासून सहज येते आणि बी बहुतेक वेळा शेजारून फुकट मिळतं. फक्त घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर बिया आवाक्याबाहेर ठेवा, त्या विषारी असतात.

पश्चिमेची गॅलरी म्हणजे तवाच. तिथे बोगनवेल लावा. काटे सांभाळा, पाणी थोडं कमीच घाला. पाण्याची चंगळ झाली, की ती नुसती पानं वाढवते. आणि तिन्ही त्रिकाळ हजर असलेलं फूल हवं असेल, तर आपली सदाफुली आहेच. तिला ना शिफ्ट, ना सुट्टी!

गॅलरीत ऊन येतच नसेल तर? मग फुलझाडांचा हट्ट सोडा. मनी प्लांट, स्पायडर प्लांट लावा आणि फुलांची हौस खालच्या चौथ्या प्रोजेक्टवर भागवा.

आता लागू या कामाला. सगळ्या प्रोजेक्ट्सना मिळून दोन रविवार पुरतात.

प्रोजेक्ट १ : सुगड-पणतीचं जुगाड

संक्रांतीची सुगडं आणि दिवाळीच्या पणत्या. टाकवत नाहीत, वापरता येत नाहीत आणि माळ्यावर धूळ खातात. भाड्याच्या घरात तुमच्याकडे नसतील, तर आईला फोन लावा. तिच्याकडे शंभर टक्के असणार!

साहित्य : दहा-बारा इंची कुंडी, एक सुगड, त्याच्या तोंडावर बसेल अशी पणती.

कृती : सुगड आधी टेस्ट करा. पाणी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओलसर झालं, तर पास. रंग किंवा वार्निश लावलेलं असेल तर पाणी झिरपणार नाही. त्याचा उपयोग पेन-स्टँड म्हणून करा. पास झालेलं सुगड कुंडीतल्या मातीत मधोमध, गळ्यापर्यंत पुरा. बाजूने सदाफुली, झेंडू नाहीतर पुदिना लावा. सुगडात पाणी भरा, वर पणती उपडी घाला. झालं!

मागचं लॉजिक माठाचंच. भाजलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी हळूहळू झिरपतं. आजूबाजूची माती कोरडी पडेल तसं ती ते ओढून घेते. वरून पाणी घातलं, की बरंचसं उन्हाने उडून जातं किंवा तळातून वाहून खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या धोतरावर पडतं. इथे ते थेट मुळांना मिळतं. ही आयडिया काही आपली नाही. जगातल्या कोरड्या प्रदेशांत मडकी पुरून शेती करण्याची पद्धत फार जुनी आहे. आपण तिला फक्त फ्लॅटमध्ये आणलं.

सजावटीचं काय? ती पणती! गॅलरीत पाच कुंड्या असतील, तर पाच पणत्या वेगवेगळ्या रंगांत रंगवा. सुगड मात्र रंगवू नका. पणतीमुळे पाणी उडत नाही आणि डासही आत शिरत नाहीत.

पाडव्याला तीन-चार दिवस गावी जायचंय? मग जोडीला परकराची सुती नाडी घ्या. तिचं एक टोक झाकणाला भोक पाडून पाण्याच्या बादलीत सोडा, दुसरं कुंडीतल्या मातीत बोटभर खोचा. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा आणि नाडी आधी पूर्ण भिजवून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी ट्रायल घ्यायची म्हणजे गावी जाऊन टेन्शन नको. नाडी नायलॉनची नको, तिच्यातून पाणी नीट चढत नाही.

प्रोजेक्ट २ : गेरूची कुंडी, वारलीची नक्षी

कुंड्या रंगवायच्या म्हटलं, की आपण उचलतो ऑइलपेंटचा डबा. चकाकी येते, पावसातही टिकते. पण मला सांगा, माठाला कुणी ऑइलपेंट लावलेला पाहिलाय? माठातलं पाणी गार राहतं, कारण त्याच्या बारीक छिद्रांतून थोडं पाणी बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. मातीची कुंडी नेमकं हेच मुळांसाठी करते. तिची छिद्रं बुजवली, की माठाचं झालं प्लॅस्टिकचं पिंप. एप्रिलमध्ये ते परवडणारं नाही.

म्हणून लावायचा गेरू. नर्सरीवाले तो उगाच नाही लावत!

साहित्य : आठ इंची मातीची कुंडी, गेरूची पूड, थोडासा फेव्हिकॉल, पांढरा अॅक्रिलिक रंग, एक चपटा आणि एक बारीक ब्रश.

कुंडी कुठून आणायची? पुण्यात कसब्यातला कुंभारवाडा किंवा मुंढव्याजवळचं केशवनगर, मुंबईत धारावीचा कुंभारवाडा. थेट कुंभाराकडून घेतलीत, तर भाजणीतली चांगली-वाईट कुंडी पारखून घेता येते. बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर चांगली भाजलेली, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. तळाला भोक आहे ना, तेही बघा.

कृती : कोरडी कुंडी ब्रशने झटकून घ्या. गेरू पाण्यात कालवा, ताकाइतका पातळ. त्यात चमचाभर फेव्हिकॉल घाला, म्हणजे हात लावला की रंग बोटांना लागणार नाही. जास्त घातला तर थर चढतो आणि छिद्रं बुजतात. फक्त बाहेरून एक हात द्या. आतून आणि बुडाला काहीही लावू नका. रात्रभर वाळू द्या. मग पांढऱ्या रंगाने नक्षी. ती वाळली, की दुसऱ्या दिवशी माती भरण्याआधी कुंडीत काठोकाठ पाणी भरून तास-दोन तास ठेवा. कोरडी ठणठणीत कुंडी झाडाच्या वाट्याचं पाणी स्वतःच पिऊन टाकते.

नक्षी वारलीची काढायची, कारण ती गोल, त्रिकोण आणि रेघ या तिघांवर उभी आहे. शाळेत चित्रकलेत काठावर पास झालेल्यांनाही जमते. पण ती जिथून आली, तेही माहीत हवं. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातल्या वारली घरांच्या सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने ही चित्रं काढली जातात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागद-कॅनव्हासवर आणून जगभर पोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. यातला लग्नाचा ‘चौक’, ज्याच्या मधोमध पालघाट देवी असते, तो धार्मिक विधीचा भाग आहे. तो कुंडीवर नको. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर, झाडं, मोर, मुंग्यांची रांग काढा. हवं तर खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक माणूसही त्या फेरात नाचू द्या. तो आपलाच!

पावसाळ्यात गेरू थोडा उतरणार, हे धरून चाला. दिवाळीत पुन्हा एक हात मारला, की कुंडी नवी. काही महिन्यांनी कुंडीवर पांढरे डाग दिसले तर घाबरू नका. पाण्यातले क्षार बाहेर येऊन वाळलेले असतात. कुंडी नीट श्वास घेतेय, याची ती पावती. काथ्याने घासून टाका.

प्रोजेक्ट ३ : आंब्याची पेटी, फुलांचं खोकं

चैत्र म्हणजे हापूस. घरी किंवा ऑफिसात लाकडी पेटी आली, तर ती कुणी मोडायच्या आत ताब्यात घ्या. सोबतचा पेंढासुद्धा. लाकडी पेटी मिळाली नाही तर फळवाल्याकडे विचारा, बऱ्याचदा मागितली की देतात. पुठ्ठ्याची नको, ती पहिल्या पाण्यातच लोळते.

साहित्य : लाकडी पेटी, सॅण्डपेपर, पांढरा किंवा फिका डिस्टेंपर, दोन विटा, नर्सरीच्या प्लॅस्टिक कुंड्यांतली तीन रोपं, पेंढा.

कृती : पेटीचे खिळे ठोकून बसवा, कुसळं सॅण्डपेपरने घासा. बाहेरून फिका रंग द्या. गडद रंग फोटोत स्टायलिश दिसतो, पण उन्हात तापतोही जास्त. पेटी दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा खेळेल आणि लाकूड कुजणार नाही. आत रोपं त्यांच्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांसकट उभी करा. मधल्या रिकाम्या जागेत पेंढा ठासून भरा. कुंड्यांच्या मातीवरही पेंढ्याचा एक पातळ थर द्या. मागे उंच सदाफुली, मध्ये झेंडू, पुढे कडेवरून खाली ओघळणारा चिनी गुलाब. वा!

यात दिसण्याइतकाच पेंढ्याचा रोल महत्त्वाचा. पातळ प्लॅस्टिकच्या कुंडीवर थेट ऊन पडलं, की आतली माती तापते आणि कडेची मुळं भाजून निघतात. आपण पानांवर पाणी शिंपडत बसतो आणि दुखणं असतं खाली. पेंढा म्हणजे कुंडीचं थर्मास. मातीवरचा थर ओल टिकवतो. पेंढा नसेल तर नारळाची सोडणं, सुकी पानं, भुईमुगाची टरफलं, काहीही चालतं. आणि घर बदलताना रोपं उचला, पेटी उचला, बास.

तुपाचे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे रंगवून कुंड्या करायची फॅशन आहेच. त्यांच्यासाठीही हाच नियम. पत्रा तर प्लॅस्टिकपेक्षाही पटकन तापतो. तळाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडा, बाहेरून सुतळी गुंडाळा आणि डबा सावलीच्या बाजूला ठेवा. पश्चिमेच्या ग्रिलला टांगलेला पत्र्याचा डबा म्हणजे मुळांसाठी प्रेशर कुकर!

प्रोजेक्ट ४ : एका संध्याकाळचा मेकओव्हर

पाडव्याला मित्रमंडळी येणार किंवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू तुमच्याकडे आहे. चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभरातला कुठलाही दिवस चालतो, म्हणजे वीकएण्ड पकडता येतो. आंब्याची डाळ आणि पन्हं आई-सासूबाईंच्या रेसिपीने होईल. आरास मात्र तुमच्याकडे लागली!

पहिली गंमत, कुंडीला खणाचं झबलं. खणाचं कापड आणा नाहीतर जुन्या साडीचा काठ घ्या. कुंडीच्या घेरापेक्षा चार बोटं जास्त लांब, उंचीपेक्षा चार बोटं जास्त रुंद. वरची कड दुमडून आतून नाडी ओवा, कुंडीभोवती गुंडाळून मागे सेफ्टी पिन लावा. शिवणकाम झीरो. पाणी सकाळीच घालून कुंडी निथळू द्या, झबलं संध्याकाळी चढवा आणि पाहुणे गेले की उतरवा. ओलं कापड कुंडीला चिकटून राहिलं, तर त्याला बुरशी धरते आणि खणाचाही जीव जातो.

दुसरी गंमत, पाण्यावरची फुलं. पितळी घंगाळ किंवा मोठी परात घ्या. दोन-तीन बोटं पाणी. कडेने झेंडूच्या पाकळ्यांचं वर्तुळ, आत आंब्याची पानं, मधोमध मूठभर मोगरा. फुलं आदल्या रात्री नाही, त्याच दिवशी सकाळी आणायची. मुंबईत दादरचं फूल मार्केट, पुण्यात मार्केट यार्ड किंवा मंडईचा परिसर. मोगरा घेताना कळ्याच घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि पाहुणे यायच्या तासभर आधी पाण्यात सोडा. उमलतील त्या सगळ्यांच्या समोर!

आता सीरियस मुद्दा. ते पाणी दुसऱ्या दिवशी फेकायचंच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुमच्या सुंदर घंगाळाइतकाच त्याला कुंडीखालच्या ताटलीतला दोन चमचे पाण्याचा तलावही आवडतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, कोरडी पडली तरी तग धरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ताटल्या, घंगाळं, मनी प्लांटच्या बाटल्या घासून कोरड्या करायच्या. शनिवार सकाळ बेस्ट. पाच मिनिटांचं काम, पण बाजूच्या फ्लॅटमधल्या छोट्याच्या तापाचा प्रश्न आहे. ताटलीत वाळूच भरून ठेवलीत तर पाणी साठत नाही आणि दिसतंही छान.

प्रोजेक्ट ५ : तोरण फेकू नका

पाडव्याचं झेंडूचं तोरण तीन दिवसांत सुकतं आणि कचऱ्यात जातं. यंदा ते उतरवा आणि पूर्ण उमललेली, टपोरी फुलं वेगळी काढा. कागदावर पसरून सावलीत कडकडीत वाळवा. मग फुलाचा देठाकडचा भाग फोडून बघा. काडीसारख्या बारीक बिया दिसतील. एक टोक काळं, दुसरं फिकट. भरीव बिया ठेवा, पोचट टाका. प्रत्येक फुलात बी तयार झालेलं असेलच असं नाही, त्यामुळे आठ-दहा फुलं घ्या. कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवून द्या. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल धरते.

आता यात सजावट कुठे आली? थांबा ना, ती येतेय. तोरणाच्या उरलेल्या पाकळ्या वाळवून काचेच्या बरणीत भरा. रांगोळीत वापरा किंवा नुसतीच बरणी टेबलावर ठेवा, केशरी रंग महिनोन् महिने टिकतो. आणि बियांचं पाकीट उघडायचं जुलैमध्ये.

जाता जाता काही टिप्स

मातीचं मिश्रण : दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापर ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. नुसत्या मातीची कुंडी जड होते आणि उन्हात विटेसारखी घट्ट बसते.

पाणी : सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी. पण रोज घालायचंच असं नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर राहू द्या. घातलंत तर तळातून थेंब येईपर्यंत घाला. ऑफिसच्या घाईत शिंपडलेलं अर्धा मग पाणी फक्त वरची माती ओली करतं आणि मुळं वरवरच राहतात.

ऊन : रोप नर्सरीतून आणल्या आणल्या भर उन्हात ठेवू नका. आधी चार-पाच दिवस हलक्या सावलीत. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाच्या बाजूला ग्रिलला हिरवी शेडनेट बांधा. पावसाळ्यात काढून ठेवता येते.

वजन : आठ इंची मातीची कुंडी पाणी घातल्यावर सहा-सात किलो सहज भरते. ती कठड्यावर ठेवायची नाही, म्हणजे नाही! वळवाचा एक सोसाट्याचा वारा आणि खाली पार्किंगमध्ये कुणाचं डोकं असेल, सांगता येत नाही. कुंड्या कठड्याच्या आत, जमिनीवर किंवा भक्कम स्टँडवर. ग्रिलला टांगायचीच असेल तर छोटी प्लॅस्टिकची, तीही आतल्या बाजूला आणि तारेने बांधून.

शॉपिंग : सगळं एकाच दिवशी आणू नका. सुरुवात तीन कुंड्यांनी करा. तीन जगल्या की पाच. पंधरा आणून बारा घालवण्यात कसली आलीये मजा? आणि पॅन्झी-पिटुनियाचा मोह आवरत नसेल, तर त्यांना नोव्हेंबरमध्ये आणा. तीन-चार महिने मस्त फुलतील. जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून या, थंडीत आपल्याकडे काय काय फुलतं याची अख्खी यादीच डोळ्यांसमोर मिळते.

आणि हो, एखादं झाड या सगळ्यानंतरही गेलंच, तर त्याला उपटून बघा. मुळं काळी, मऊ असतील तर पाणी जास्त झालं. कोरडी, कुरकुरीत असतील तर कमी पडलं. झाड काय चुकलं ते सांगून जातं. ‘हाताला गुण नाही’ असं मात्र ते कधीच सांगत नाही.

राहिलं ते कपाटातलं पाकीट. जुलैच्या मध्यावर त्या बिया कुंडीत पेरा, वर चिमूट-चिमूट माती भुरभुरवा. आठवडाभरात कोंब दिसतील. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडा, म्हणजे फांद्या जास्त फुटतात. पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुलं. फुलं पाडव्याच्या तोरणातल्यासारखीच येतील असं नाही, संकरित झेंडूची पुढची पिढी स्वतःच्या मर्जीने रंग-आकार ठरवते. काही छोटी येतील, एखादी भलतीच पिवळी. पण दसऱ्याला बाजारात झेंडूचे भाव कडाडतील, तेव्हा तुमच्या दारावरचं तोरण तुमच्याच गॅलरीतलं असेल. ऑफिसच्या खंडेनवमीला पीसीवर ठेवायला दोन फुलं घेऊनही जा.

कॅन्टीनमध्ये मग कुणी ‘आपल्या हाताला झाडं लागत नाहीत’ म्हणालंच, तर बियांचं उरलेलं पाकीट त्याच्या हातावर ठेवा!